त्वाल द झ्वी : पॅरिसजवळच्या गावाचं छापील कापड, लातूरच्या टेबलावर आठ महिने

आमच्या जेवणाच्या टेबलावर आठ महिन्यांपासून एक कापड अंथरलेलं आहे. पांढरट जमीन, आणि तिच्यावर एकाच तांबड्या रंगात माणसं, झाडं, नदी, पूल, कामाच्या जागा. सूत जाड, वीण घट्ट, हाताला किंचित खरखरीत. सहा जणांच्या टेबलाला पुरून चारी बाजूंनी वीतभर खाली येतं. अशा कापडाला फ्रान्समध्ये ‘त्वाल द झ्वी’ म्हणतात, म्हणजे झ्वीचं कापड. झ्वी-आं-झोझास हे पॅरिसच्या नैऋत्येचं, व्हर्सायच्या शेजारचं उपनगर. छोट्या नदीच्या खोऱ्यात वसलेलं, अजूनही गावासारखंच वाटणारं.

लातूरच्या गंजगोलाईत मी ३४ वर्षं चादरी, पडदे आणि सतरंज्यांचं दुकान चालवलं. गिऱ्हाईक किंमत नंतर विचारायचं. आधी कापडाचं टोक चिमटीत धरून विचारायचं, “रंग जाईल का?” आमचं घराणं मूळ तेरचं, रंगाऱ्याचं. आजोबा तेरणा नदीच्या काठी लाकडी ठशांनी जाजमं आणि फडक्या छापायचे. ते गिऱ्हाइकाला उत्तर देत नसत. कापड तिथंच बादलीत बुडवून पिळून दाखवायचे. हे फ्रेंच कापडही मी त्याच नजरेनं तपासलं, आणि काय आढळलं ते शेवटी सांगतो. आधी ते कुठून आलं ते सांगायला पाहिजे, कारण त्याशिवाय या कापडाची पारख करता येत नाही.

लेक आणि जावई पॅरिसच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरात राहतात. गेल्या वर्षी मी आणि बायको दीड महिना त्यांच्याकडं होतो. लेक म्हणाली, “आण्णा, तुम्हाला आयफेल टॉवरपेक्षा एक वेगळी गोष्ट दाखवते,” आणि एका सकाळी लोकलनं झ्वीला घेऊन गेली. तिथं एग्लांतिन नावाच्या वाड्यात १९९१ पासून या कापडाचं संग्रहालय आहे. अर्ध्या तासात बघून होईल असं मला वाटलं होतं. बंद व्हायची वेळ झाल्यावर उठलो.

पहिल्याच दालनात ठसे होते. लाकडाचे, मागं धरायला खाचा, आणि बारीक ठिपक्यांसाठी पितळेच्या तारा ठोकलेल्या. बायको कपाटाच्या काचेजवळ गेली आणि म्हणाली, “अहो, हे तर आपल्या माळ्यावर आहेत तसलेच.” तसलेच होते. आमच्याकडं सागवानाचे अकरा ठसे शिल्लक आहेत. फरक एवढाच, की आजोबा ठशावर मुठीनं ठोका द्यायचे आणि झ्वीचा कारागीर लाकडी मोगरीनं द्यायचा. ठसा जुळवायला कोपऱ्यात टोचण्या असायच्या, त्यांची बारीक टिंबं जुन्या कापडावर अजून दिसतात. छापणाऱ्याच्या शेजारी रंगाच्या तबकावर रंग पसरवायला एक लहान पोरगं उभं असे. ते वाचताना मला माझा चुलता आठवला. सात-आठ वर्षांचा असल्यापासून तो हेच काम करायचा.

आमच्या टेबलावरच्या कापडाची नक्षी खुद्द झ्वीच्या जुन्या छपाई-कारखान्याचीच आहे. झां-बाप्तिस्त ह्युए नावाच्या चित्रकारानं १७८३ च्या सुमारास ती काढली. देवदेवता नाहीत, राजा-राणी नाहीत. कापड कसं तयार होतं, तेच कापडावर छापलेलं आहे. नदीत धुणारे गडी, बडवणारे, कुरणात लांबच्या लांब थानं पसरणारे, ठसे मारणारे, दाबयंत्र फिरवणारे, हातात कुंचला घेतलेल्या बाया. ज्यांनी ते कापड छापलं त्यांचीच चित्रं श्रीमंतांच्या पलंगावर आणि भिंतींवर गेली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आमच्याकडं जाजमावर कैरी, वेल, मोर, फार तर हत्ती. रंगारी स्वतः कुठंच नसायचा.

आता कृती सांगतो. हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

कोरं कापड आधी धुवून, बडवून खळ काढायची. मग त्यावर ठशानं जे छापायचं, तो रंग नसायचाच. लाल पाहिजे तिथं तुरटी, काळं पाहिजे तिथं लोखंडाचं पाणी, डिंकानं किंवा खळीनं घट्ट केलेलं. आजोबा लोखंडी खिळे आणि गूळ माठात आंबवून काळ्याचं पाणी करायचे आणि घट्ट करायला चिंचोक्याची खळ घालायचे. छापून वाळल्यावर कापडावर जवळजवळ काहीच दिसत नाही. खरा रंग येतो तो पुढं, मंजिष्ठाच्या, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळ्यांच्या, उकळत्या कढईत. जिथं तुरटी बसली तिथं लाल चढतो आणि घट्ट होतो, जिथं लोखंड तिथं काळा. तुरटी कमी-जास्त केली की त्याच कढईतून गुलाबीपासून गडद तांबड्यापर्यंत छटा निघतात. बाकीच्या जमिनीवर चढलेला रंग कच्चा असतो, तो उन्हात आणि दवात निघून जातो. म्हणून झ्वीला कुरणं लागायची. दिवसच्या दिवस कापड गवतावर पसरून ठेवायचे, ओलं करायचे, पुन्हा पसरायचे.

आणि मधली एक पायरी. तुरटी छापल्यावर आणि कढईत टाकण्याआधी कापड गाईच्या शेणाच्या कोमट पाण्यातून काढायचे. जास्तीची तुरटी आणि खळ त्यानं सुटते, नक्षीच्या कडा पसरत नाहीत. व्हर्सायच्या राजदरबारातल्या सरदारणींच्या झग्याचं कापड शेणाच्या हौदातून निघालेलं होतं. लेकीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मी तिला पुन्हा वाचायला लावलं. आमच्या आजीचे हात कायम शेणात आणि तुरटीत असायचे. लग्नकार्यात लोक तिच्या हाताचं पाणी घ्यायला कचरायचे, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे.

निळा रंग मात्र असा कढईत काढता येत नव्हता, कारण नीळ सगळीकडंच चढते. म्हणून झ्वीत बाया कुंचल्यानं निळा भरायच्या, एकेक पाकळी, एकेक पान. हिरवं करायचं तर पिवळ्यावर निळा. जुन्या कापडांत पानं निळी दिसतात ती यामुळंच: पिवळा उडून गेला, नीळ राहिली. मालकाचा भाचा साम्युएल विडमर यानं पुढं एकाच वेळी लावता येणारा पक्का हिरवा शोधला, तेव्हा ही कटकट संपली.

मालक म्हणजे क्रिस्तोफ-फिलिप ओबरकाम्फ. जन्म १७३८, जर्मन मुलुखातल्या रंगाऱ्याच्या घरात. बाप रंगारी, मुलगा कोरीवकाम शिकलेला. १७६० मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी झ्वीच्या दगडी पुलाजवळ एका लहानशा घरात त्यानं काम सुरू केलं. जागा निवडली ती तीन गोष्टी बघून. बिएव्र नदीचं पाणी, पसरायला कुरणं आणि हाकेच्या अंतरावर व्हर्सायचा दरबार.

साल १७६० का, यामागं आपली गोष्ट आहे. सतराव्या शतकात हिंदुस्थानातून जाणारं छापील सुती कापड फ्रान्समध्ये इतकं खपायला लागलं की तिथले रेशीम आणि लोकरवाले हवालदिल झाले. त्यांच्या तक्रारींवरून १६८६ मध्ये राजानं या कापडाची आयातही बंद केली आणि देशात छापणंही. कापडाचं नावच मुळी ‘अँदिएन’, म्हणजे हिंदुस्थानी. दंड होत होते, माल जप्त होत होता, तरी लोक चोरून घेत होते. बंदी उठली १७५९ मध्ये, ७३ वर्षांनी. पुढच्याच वर्षी ओबरकाम्फनं झ्वीत ठसा मारला.

त्यानं जे कोरं कापड छापायला घेतलं, त्यातलंही पुष्कळसं हिंदुस्थानचंच होतं. जहाजानं लोरियां बंदरात उतरायचं, लिलावात विकलं जायचं. आपल्या मागावरचं कापड, आपली छापण्याची पद्धत आणि वर नाव झ्वीचं. ही पद्धत तिकडं कशी गेली याच्याही नोंदी आहेत. १७४२ मध्ये कर्दू नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं दक्षिण हिंदुस्थानातून लांबलचक पत्र लिहिलं, आणि त्यात चीट रंगवण्याची सगळी कृती होती. त्याच्या हाताखाली ख्रिस्ती झालेल्या इथल्या रंगाऱ्यांना विचारून विचारून त्यानं ती लिहून घेतली होती. पाद्र्याचं नाव राहिलं. ज्यांनी सांगितलं त्यांच्यातल्या एकाचंही नाव आज सांगता येत नाही. संग्रहालयातून निघताना हीच गोष्ट मनात घोळत होती. पण मला ओबरकाम्फचा राग आला नाही. त्यानं जे शिकलं त्यात मोठी भर घातली, आणि ती कशी घातली तेही मांडून ठेवलं.

ती भर म्हणजे तांब्याचा पत्रा. १७७० मध्ये झ्वीत कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून छपाई सुरू झाली. लाकडाच्या ठशात रेघ एका मर्यादेपलीकडं बारीक होत नाही. तांब्यावर मात्र चेहऱ्यावरची सावली, पाण्यावरची लहर, झाडाचं पानन् पान कोरता येतं, आणि पत्रा मोठा असल्यानं चित्रही मोठं येतं. मात्र एवढी बारीक नक्षी दुसऱ्या रंगाच्या पत्र्याशी जुळवणं जमत नसे, म्हणून हे कापड एकरंगी. आज त्वाल द झ्वी म्हटलं की लोकांना हेच एकरंगी, मेंढपाळ आणि बागांचं कापड आठवतं. खरं तर कारखान्याचं बहुतेक काम ठशावरचं, रंगीबेरंगी फुलांचं होतं. संग्रहालयात ती छोट्या फुलांची कापडं भिंतभर आहेत, आणि त्यातली कित्येक आपल्याकडच्या दुकानात ठेवली तर कुणी परदेशी म्हणणार नाही. १७९७ मध्ये तांब्याचा गोल रूळ आला, आणि छपाईचा वेग एकदम वाढला. तोवर कारखाना मोठा झाला होता, पुढं तर हजाराहून जास्त माणसं कामाला होती. १७८३ मध्ये त्याला ‘राजेशाही कारखाना’ म्हणवून घेण्याचा मान मिळाला होता. १८०६ मध्ये नेपोलियन स्वतः येऊन बघून गेला आणि मालकाला मानाचं पदक देऊन गेला.

एका स्त्रीचं नाव मला इथं मुद्दाम घ्यायचं आहे. ओबरकाम्फच्या भागीदाराची बायको, मादाम द मारेझ. कारखान्याचे हिशेब आणि पत्रव्यवहार तिच्या हातात होता. ओबरकाम्फ रंग आणि कामगार बघायचा, ती पैसा आणि गिऱ्हाईक. दुकान चालवलेल्या माणसाला कळतं की यातलं अवघड काम कोणतं. त्या वह्या, ती पत्रं आज फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. प्रत्येक थानाच्या टोकाला कारखान्याला शिक्का मारावा लागे. त्यात मालकांची नावं, ‘व्हर्सायजवळचं झ्वी-आं-झोझास’ हा पत्ता, आणि पुढं दोन शब्द: ‘बों तँ’. पक्का रंग. संग्रहालयात तो शिक्का असलेलं एक टोक काचेखाली आहे. लेकीनं अर्थ सांगितला आणि मी तिथल्या बाकावर बसलो. गंजगोलाईतल्या माझ्या गिऱ्हाइकानं रोज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अडीचशे वर्षांपूर्वी छापून दिलेलं होतं, खाली नाव-गाव देऊन.

कारखाना पुढं टिकला नाही. १८१५ मध्ये नेपोलियन हरला, परक्या फौजा झ्वीत उतरल्या, काम थांबलं आणि त्याच वर्षी ओबरकाम्फ वारला. नंतर कारखाना दुसऱ्यांच्या हातात गेला, आणि १८४३ मध्ये बंद झाला. मोठ्या इमारती आता नाहीत. पॅरिसमध्ये त्याच्या नावाचा रस्ता आणि मेट्रोचं स्टेशन आहे. नदी मात्र आहे. आम्ही तिच्या काठानं चाललो. पाच-सहा ढांगांत ओलांडावी एवढीच, झाडांखालून वाहणारी. हीच बिएव्र खाली पॅरिसमध्ये जायची. तिथं गोब्लँच्या प्रसिद्ध गालिचा-कारखान्याचे रंगारी तिच्याच काठावर बसत. कातडं कमावणारे, रंगवाले, धोबी यांनी तिची गटार झाली आणि १९१२ पर्यंत पॅरिसमधला तिचा सगळा प्रवाह जमिनीखाली बुजवला. आता काही उपनगरांत तिला पुन्हा उघडं करताहेत.

पुलावर उभं राहून बायको म्हणाली, “एवढीशी तर नदी.” मला तेरणा आठवली. पावसाळ्यात दोन थड्या भरून वाहणारी आणि चैत्रात वाळू दाखवणारी. बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. पात्रात झरे खणून प्यायचं पाणी काढत होते, तिथं कापड कशात धुणार? आजोबांनी त्या वर्षी कढई उलटी करून ठेवली, ती परत चुलीवर चढली नाही. त्याच तेरहून, जुनं नाव तगर, पहिल्या शतकात साधं कापड आणि मलमल गाड्यांनी भडोचला आणि तिथून जहाजानं पश्चिमेला जात होती. एका ग्रीक व्यापाऱ्यानं तसं लिहून ठेवलं आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात गेलात तर त्या व्यापाराच्या खुणा दिसतात. रंगाऱ्याच्या घरातली एखादी वही मात्र दिसणार नाही, कारण ती कुणी लिहिलीच नाही.

तर आता टेबलावरचं कापड. हे संग्रहालयात घेतलेलं नाही. लेकीनं पॅरिसमधल्या एका दुकानातून घेतलं, आणि दुकानदारानं ‘अगदी जुन्या पद्धतीचं’ म्हणून दिलं होतं. किंमत तिनं मला सांगितली नाही. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण मला इथं कापडाबद्दल बोलायचं आहे.

नक्षी उत्तम उतरली आहे. कुरणात थान पसरणाऱ्या माणसाच्या पाठीचा बाक, धुणाऱ्याच्या पायाजवळचं पाणी, कुंचलेवालीची मान, सगळं स्पष्ट आहे. आमचा सहा वर्षांचा नातू इथं आला होता, तो वरणभात खाताना एकेका माणसावर बोट ठेवून “हा काय करतोय?” विचारत होता. पाच जेवणांत त्याची कृती पाठ झाली. जेवणाच्या टेबलावर असं काम करणारं दुसरं कापड मी विकलेलं नाही.

पोतही चांगला. लातूरच्या बोअरच्या जड पाण्यानं चादरी लवकर कडक होतात. हे कापड आठ महिन्यांत चौदा-पंधरा वेळा धुतलं, तरी होतं त्याहून कडक झालं नाही. आटलं जेमतेम दोन बोटं. हळदीचा डाग पहिल्या धुण्यात फिका झाला, दुसऱ्यानंतर उन्हात टाकल्यावर गेला. तेलाचा राहिला.

पण छपाई जुन्या पद्धतीची नाही. घरी आणल्यावर पहिल्यांदा मी कापड उलटं केलं. मागची बाजू जवळजवळ कोरी. तुरटी आणि मंजिष्ठाचा रंग सुतात मुरतो, पाठीवर त्याची सावली पडते. इथं रंग वर चिकटवलेला आहे. पांढरा रुमाल ओला करून तांबड्या भागावर वीस वेळा घासला, रुमालाला गुलाबी झाक आली. आठ महिन्यांनी घडीच्या रेषांवर नक्षी पांढुरकी पडायला लागली आहे, आणि टेबलाच्या कोपऱ्यांवर जास्त. एका कडेला दोन चित्रांचा जोडही बोटभर सरकलेला आहे, पुलाचा कठडा अर्ध्यात तुटतो. दुमडलेली कड एकेरी शिवणीची होती, ती बायकोनं पहिल्याच महिन्यात पुन्हा घातली. आणि टोकाला कुठंही कारखान्याचं नाव नाही, गाव नाही, ‘पक्का रंग’ तर नाहीच. ज्या कापडाची ओळखच थानाच्या टोकावरच्या शिक्क्यानं झाली, त्याच्यावर तो नसावा, याचं मला वाईट वाटलं. असं कापड स्वस्तात विकायला माझी हरकत नाही, पण त्याला जुन्या पद्धतीचं म्हणू नये.

परवा मी माळ्यावरून आजोबांचं एक जाजम काढलं. बहात्तरच्या आधीचं, एका बाजूनं उंदरानं कुरतडलेलं. आणि हे टेबलाचं कापड. दोन वेगवेगळ्या बादल्यांत, एकाच बोअरच्या पाण्यात, रिठ्याचा फेस करून रात्रभर भिजत ठेवलं. सकाळी जाजमाच्या बादलीत मातीचा गाळ होता आणि पाणी रंगाला साधं. दुसरीतलं पाणी गुलाबी होतं.

तरी हे कापड टेबलावरून काढणार नाही. घेणार असाल तर घ्या, नक्षी हीच कामगारांची घ्या, मेंढपाळांची नको. घेताना उलटं करून बघा, ओला रुमाल घासून बघा आणि दुकानदाराला कुठं छापलं ते विचारा. धुताना गार पाणी, रिठा, सावलीत वाळवणं. पिळू नका, आणि दर वेळी घडी वेगळ्या जागी घाला. पॅरिसला कुणाकडं जाणं झालंच तर एक दिवस झ्वीसाठी ठेवा. संग्रहालयाला किमान तीन तास, आणि नंतर नदीच्या काठानं चालत जा. आम्ही पुढच्या खेपेला आजोबांच्या अकरा ठशांतला एक कागदावर उठवून नेणार आहोत, त्याच्याखाली त्यांचं नाव आणि ‘तेर’ लिहून.